सात भाकऱ्या

आमच्या सासरी, मुरबाडकडं, सगळ्यांची जन्मतारीख एकच. यांची १ जून १९५३, मोठ्या दिरांची १ जून १९४९, नणंदेची १ जून १९५६. सासऱ्यांना तारीख नव्हतीच. ते ‘पटकीच्या साथीच्या पुढल्या लावणीला’ जन्मले होते आणि तेवढ्यावर त्यांचं सगळं आयुष्य निभावून गेलं. जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज भरून देणारा मुलगा आमच्या घरची कागदपत्रं चाळताना थबकला. “काका, घरातले सगळे एकाच दिवशी जन्मले?” हे शांतपणे म्हणाले, “मास्तर एकच होते.”

मुरबाडकडच्या ज्या पिढीनं शाळेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडायची. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. मग रजिस्टरात १ जून पडायचा आणि त्या पोराचा जन्म सरकारदरबारी रुजू व्हायचा.

माझी तारीख मात्र खरी आहे. माझं माहेर शहापूरचं. वडील आसनगाव स्टेशनात पॉइंट्समन होते. रेल्वेच्या माणसाला दिवस आणि घटका लिहून ठेवायची सवय, म्हणून त्यांच्या डायरीत माझ्या जन्माच्या दिवशी ‘मुलगी, भुसावळ पॅसेंजर गेल्यावर दहा मिनिटांनी’ अशी नोंद आहे. कल्याणहून रूळ वाशिंदला पोचले १८५५ मध्ये, आसनगावला १८६० मध्ये आणि थळघाट फोडून इगतपुरीला गेले १८६५ च्या पहिल्या दिवशी. शहापूरच्या माणसाला तारीख लागली ती त्या रुळांनी. मुरबाडला रेल्वे आजही नाही. आमच्या लग्नातला निम्मा वाद तिथूनच सुरू होतो. मी साल विचारते, हे गोष्ट सांगतात.

दिरांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, गेली अनेक वर्षं जर्मनीत कोलोनला आहे. आमच्या लहानपणी ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे. ते पाणी ज्या गावाचं नाव घेऊन घरोघर गेलं, ते हे गाव. योहान मारिया फरीना नावाच्या इटालियन माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथं बनवायला घेतलं. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तीन आठवड्यांसाठी तिकडे गेलो. चर्चची दोन शिखरं आभाळात घुसलेली, खालून ऱ्हाइन नदी वाहते, आणि नदीवरच्या पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपं. ती पाहून हे म्हणाले, “एवढी कुलुपं आपल्या पोलीस पाटलाकडं सुद्धा नव्हती.” फिरणं झालं, फोटोही निघाले. पण मी त्या प्रवासातून घेऊन आले ते सूनबाईच्या आजीच्या घरातून.

पुतण्याची बायको जर्मन आहे. तिच्या आजीला सगळे ओमा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ओमाचं वय तेव्हा नव्वद. पाठ ताठ, केस कापलेले, आणि कॉफीबरोबर केक खाल्लाच पाहिजे असा आमच्या सासूबाईंच्या चहा-भाकरीसारखाच दंडक. तिचे वडील रेल्वेत कारकून होते हे कळल्यावर आमची सोयरीकच जमली. दोघी रेल्वेच्या लेकी. तिलाही वेळ सांगायची सवय, मलाही.

यांनी १ जूनची गंमत सांगितली तेव्हा ती खूप हसली. मग उठून आतून एक पातळ पुस्तिका घेऊन आली. मुखपृष्ठावर गरुड. आत छापील चौकटी : एका पानावर आई-बाप, पुढे आजी-आजोबा, त्याच्यापुढे पणजी-पणजोबा, आणखी मागचे. प्रत्येक चौकटीत नाव, गाव, जन्म, बाप्तिस्मा, लग्न, धंदा, आणि शेजारी पाद्र्याचा किंवा नोंदणी अधिकाऱ्याचा गोल शिक्का. बायकांची माहेरची नावंसुद्धा. अठराव्या शतकापर्यंत घराणं पाठमोरं चालत गेलेलं. यांचे डोळे चमकले. “बघ, याला म्हणतात वंशावळ! नाही तर आपलं, पटकीची साथ आणि भाताची लावणी.”

ओमा पुस्तिका मिटून जे बोलली, ते पुतण्यानं आम्हाला मराठीत सांगितलं. ही घराण्याच्या प्रेमानं लिहिलेली वंशावळ नव्हे. १९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारनं कायदा केला की सरकारी नोकरीत राहायचं तर आजी-आजोबांपैकी कुणी ज्यू नाही हे सिद्ध करा. तिच्या वडिलांनी गावोगावच्या चर्चना पत्रं लिहिली, पोस्टाचे पैसे भरले, महिनोन्महिने उत्तरांची वाट पाहिली. एकेक शिक्का गोळा होत गेला. “आमच्या देशात ज्या घरात एवढी नीट वंशावळ असते,” ती म्हणाली, “त्या घरात कधीतरी कुणीतरी घाबरलेलं असतं.”

कॉफी निवून गेली. संध्याकाळी तिनं आम्हाला खाली रस्त्यावर नेलं. तिच्या शेजारच्या दारासमोर फरसबंदीत तीन पितळी चौकोन बसवलेले होते, प्रत्येक तळहाताएवढा, दहा सेंटिमीटरचा. ‘इथे राहत होते’ अशी सुरुवात, मग नाव, जन्माचं साल, कधी आणि कुठे नेलं ते. कोलोनमधल्या ज्यूंना १९४१ च्या ऑक्टोबरपासून नदीपलीकडच्या डॉइट्झ स्टेशनातून गाड्या भरभरून पूर्वेला पाठवलं गेलं. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंतानं १९९२ मध्ये याच शहराच्या नगरभवनासमोर असला पहिला दगड बसवला आणि आज युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. जर्मन भाषेत त्यांचं नाव आहे ठेच लागायचे दगड. ओमानं हातरुमालाला थुंकी लावली आणि काठीवर भार टाकत खाली वाकून तिन्ही चौकोन पुसले. तुळशीपुढचा दिवा पुसावा तसे. चर्चनं दिलेले शिक्के घरात, आणि शिक्के न मिळालेल्यांची नावं फरसबंदीवर. पुस्तिकेतल्या चौकटीही चौकोनी, हे दगडही चौकोनी.

मला आमच्या घरातली एक फाइल आठवली. घराण्यातल्या एका मुलाच्या कॉलेजच्या वेळी जात पडताळणीसाठी जमवलेली. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. कुणबी घर. मग सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या शाळेचा उतारा, त्यात ‘हिंदू कुणबी’ हे दोन शब्द, गाव नमुना चौदाची जन्ममृत्यूची नोंद, फेरफार. २०२३ पासून तर महाराष्ट्रभर लोक कुणबी नोंदी शोधत होते आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला होता. पण या दोन फायली एका तागडीत तोलायच्या नाहीत, हेही मला तिथंच कळलं. ओमाच्या वडिलांची पुस्तिका माणसांना दाराबाहेर काढण्यासाठी होती. आपला दाखला दाराबाहेर राहिलेल्यांना आत घेण्यासाठी आहे. एवढं मात्र दोन्हीकडं सारखं की कागद तुम्हाला एकच प्रश्न विचारतो : कुणाचे? कसे जगले, हे तो विचारत नाही.

आणि कागदाचा भरवसा तरी किती? दुसऱ्या दिवशी पुतण्या आम्हाला शहराच्या दप्तरखान्याची हकिगत सांगत होता. हजार वर्षांचे कागद, फळ्यांवर एकाला एक लावून ठेवले तर तीस किलोमीटर भरतील एवढे, ज्या इमारतीत जपले होते ती ३ मार्च २००९ ला दुपारी कोसळली. जवळच भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. शेजारच्या घरांतले दोन तरुण गेले. बाकीचं शहराचं दप्तर चिखलात, जमिनीखालच्या पाण्यात. बहुतेक कागद बाहेर निघाले, पण फाटके, भिजलेले, आणि ते वाळवून जोडण्याचं काम अजून संपलेलं नाही.

“म्हणजे भातसा,” मी म्हणाले. कुणाला कळलं नाही.

माझं आजोळ भातसा धरणात गेलं. शहापूर तालुक्यात मुंबईची तहान भागवणारी तळी आहेत. १८९२ चं तानसा, मग वैतरणेवरची, आणि सगळ्यांत मोठं भातसा, ज्याच्या एकट्याच्या पाण्यावर मुंबईच्या साठ्याचा जवळजवळ निम्मा भार आहे. माझी आजी म्हणायची, “आमचं पाणी मुंबईला नांदायला गेलं, बाय. माहेरी येतं का बघ.” आलं कधी? उन्हाळ्यात धरणाच्या काठावरच्या पाड्यांना टँकर येतो, आणि खालून जाडजूड नळ मुंबईकडं धावत असतात. मे महिन्यात पाणी खूप उतरलं की मामाच्या घराच्या जोत्याचे काही दगड उघडे पडतात. आई ते बघायला एकदाच गेली. चुलीची जागा कुठली आणि उखळाची कुठली, ते तिनं चिखलात काठी रोवून मला दाखवलं. ना सातबारा, ना फेरफार. एक काठी आणि तिची आठवण.

याच आजीनं मला माहुली दाखवला. आसनगावच्या फलाटावरून किल्ल्याचे सुळके दिसतात. शाळेत शिकलो की १६३६ मध्ये शहाजीराजे निजामशाहीच्या लहानग्या वारसाला घेऊन या गडावर अडकले, मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला, आणि पोर मोगलांच्या हवाली करावं लागलं. तिथं निजामशाही संपली. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीनं त्या सुळक्यांत एक वऱ्हाड होतं. हा नवरा, ती नवरी, हे भटजी, मागं ती करवली. लग्नाला निघाले आणि दगड झाले. गावातली माणसं सुळक्यांना अजून त्याच नावानं हाक मारतात. लहानपणी मला वाटायचं, आजी भाबडी. आता वाटतं, राज्य बुडाल्याची बातमी तिनं एका थांबलेल्या लग्नाच्या रूपानं सांभाळली असेल. कोण जाणे. पण डोंगराकडं बघताना तिला नवरी दिसायची आणि मला परीक्षेचा पेपर, हे खरं.

परत कोलोनला येते. शेवटच्या रविवारी ओमानं आम्हाला १९४२ ची मेअखेरची रात्र सांगितली. इंग्रजांनी एका रात्रीत हजार विमानं या एका शहरावर पाठवली होती. ती आठ वर्षांची. तळघरात बसून तिची आई मोठ्यानं पाढे म्हणत होती, मुलांना बाँबचे आवाज मोजावे लागू नयेत म्हणून. ऐकून हे सावरून बसले. त्यांच्याकडंही त्याच युद्धातली एक गोष्ट होती, आणि ती सांगायची संधी हे कधी सोडत नाहीत.

१९४२. माथेरानचे भाई कोतवाल, १९१२ चा जन्म, न्हावी समाजातले, शिकून वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. कर्जत-मुरबाडकडच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढणारा माणूस ‘चले जाव’ नंतर भूमिगत झाला आणि त्यानं आझाद दस्ता उभा केला. दस्त्याचं काम एकच : डोंगरातून मुंबईकडं जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडायचे. दिवे जाऊ देत, गिरण्या थांबू देत. नंतर सरकार मागावर लागलं आणि दस्ता सरकत सरकत मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात आला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तिथं गोळीबार केला. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथंच पडले.

“आणि आदल्या रात्री,” हे ओमाला सांगत होते, पुतण्या भराभर भाषांतर करत होता, “त्यांच्यासाठी भाकऱ्या आमच्या घरात झाल्या. बारा भाकऱ्या!”

“सात,” मी म्हणाले.

गोष्ट यांची आहे. आकडा माझा आहे. यांच्या तोंडी भाकऱ्या दर वर्षी वाढतात. आमच्या लग्नात त्या नऊ होत्या. पंधरा ऑगस्टच्या भाषणात एकदा त्या पंधरा झाल्या आणि बरोबर पिठलंही आलं. मला त्या सासूबाईंनी सांगितल्यात, आणि सासूबाईंना आकड्याशी खेळायचं काही कारण नव्हतं.

सासूबाई त्याच साली लग्न होऊन आल्या होत्या. वय असेल तेरा-चौदा. सिद्धगडाच्या बाजूचं गाव, घर रानाच्या कडेचं. रात्री दीर कुजबुजत आले, सकाळी कुणाला तरी डोंगरात द्यायच्या आहेत म्हणून भाकऱ्या टाकायला सांगितल्या. दिवा लावायचा नाही. चुलीच्या उजेडात नाचणीच्या भाकऱ्या. जाऊ थापत होती, या भाजत होत्या. “मी भाजल्या, मीच मोजल्या. सात व्हत्या. पीठच तेवढं व्हतं.” भाकऱ्या पळसाच्या पानात बांधून टोपलीत ठेवल्या, वर गोवऱ्या रचल्या. पहाटे धाकटा दीर टोपली घेऊन निघणार, तोच डोंगरात फटाके वाजल्यासारखं झालं. तो उंबऱ्यातच थांबला. टोपली खाली ठेवली. दोन दिवस घरात कुणी त्या टोपलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस येऊन गेले, गोवऱ्यांकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी भाकऱ्या काढल्या आणि गाईच्या दावणीत घातल्या. नवी सून, कुणी विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

यांच्या गोष्टीत भाकऱ्या पोचतात. सासूबाईंच्या गोष्टीत त्या परत दावणीत येतात. पोचलेल्या भाकऱ्या कितीही असू शकतात. उरलेल्या मोजाव्या लागतात.

ओमानं तिच्या तळघरातल्या पाढ्यांकडं आणि माझ्या सातकडं एकाच नजरेनं पाहिलं. म्हणाली, “तुमच्याकडंही हिशेब बायकाच ठेवतात वाटतं.”

हे वाक्य घेऊन आम्ही घरी आलो. यांच्या डोक्यात मात्र चौकटी आणि शिक्के घोळत होते. आपली वंशावळ लिहायचीच, असं ठरवून त्यांनी पावसाळा काढला. तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारांत चार नावं मिळाली आणि पुढं गाडी थांबली. मग कुणीतरी त्र्यंबकची आठवण दिली. कसारा घाट चढून गेलं की नाशिक-त्र्यंबकेश्वर. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं जात आली, आणि तीर्थोपाध्यायांकडं गावांच्या नावांनी चोपड्या आहेत, हे सगळ्यांना माहीत. माहीत असून कुणी बघितलं नव्हतं.

गुरुजींनी तालुका विचारला, गाव विचारलं, आडनाव विचारलं. लाल कापडात बांधलेली लांबट चोपडी काढली. आमचं पान मोडीत. ते बोट फिरवत वाचत गेले आणि हे वहीत उतरवत गेले. सगळ्यांत जुनी नोंद शके १७९४, म्हणजे १८७२, सिंहस्थाचं साल. यांचे खापरपणजोबा, त्यांचे दोन भाऊ, मुलगे. आणि गावाच्या नावापुढं बारीक अक्षरांत, ‘मूळ वस्ती जुन्नर प्रांत’.

हे वहीतून वर बघतच राहिले. सत्तर वर्षं जो माणूस ‘आम्ही अस्सल कोकणातले, घाटी नव्हे’ असं पैज लावून सांगत आला, त्याला गुरुजींनी एका ओळीत घाटावर नेऊन ठेवलं.

मला हसू आवरेना. कारण हे मला माहीत होतं. लग्न झाल्या वर्षी सासूबाईंनी मला जुन्नरकडं देवाला नेलं होतं. “आपण घाट उतरून आलेली माणसं. देव वर राहिला, म्हणून सून आधी वर दाखवायची,” असं त्या वाटेत म्हणाल्या होत्या. त्यांनाही त्यांच्या सासूनं तसंच नेलेलं, तेव्हा नाणेघाट पायी चढून. यांना कधी ठाऊक नव्हतं, कारण मुलांना देव दाखवायचा नसतो, ती घरचीच. दाखवायचा असतो तो बाहेरून आलेल्या सुनांना. म्हणजे घराणं कुठून आलं हे घराण्यातल्या पुरुषांना चोपडीत शोधावं लागलं, आणि घराण्याबाहेरच्या मुली ते एकमेकींच्या हाती देत आल्या.

चोपडीच्या त्या पानावर एकाही बाईचं नाव नव्हतं. गुरुजींनी नवी नोंद करायला पेन उघडलं तेव्हा मी म्हटलं, सुनांची नावं पण घाला. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, सरळ लिहायला घेतलं. सासूबाई, मोठ्या जाऊबाई, मी. कोलोनच्या सूनबाईच्या आडनावापाशी पेन थांबलं. मी दोनदा उच्चारून दाखवलं, त्यांनी देवनागरीत त्याला जमेल तसं बसवलं आणि पुढं ‘जर्मनी’ लिहिलं.

डिसेंबरात पुतण्या बायको आणि आठ वर्षांची लेक घेऊन आला. सूनबाईला नाणेघाट बघायचा होता. यांचे गुडघे आता खालून, वैशाखऱ्यातून, चढू देत नाहीत, म्हणून आम्ही माळशेज चढून जुन्नरकडून घाटघरला गेलो. गाडी जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत जाते. नाण्याच्या जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, नानाचा अंगठा, आणि कड्यावरून खाली पसरलेला सगळा मुरबाड तालुका, भाताची कापलेली खाचरं, मध्ये मध्ये धुराच्या रेषा. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरातला माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. त्या वेळच्या ग्रीक खलाशाच्या लेखात कल्याणचं नाव आहे. कोलोनमध्ये रोमन सैनिक वसत होते तोच सुमार. यांचे आजोबाही मीठ आणि सुकट घेऊन इथून चढले, मिरची-कांदा घेऊन उतरले. तेवढं मात्र यांच्या गोष्टीत नेहमी बरोबर असतं.

घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख : राणी नागनिकेचा, तिनं आणि राजानं केलेल्या यज्ञांचा, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण यांचा, आणि तो आकड्यांसकट. विल्यम साइक्सनं तो १८२८ मध्ये पाहिला, पुढं पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याचं वाचन केलं. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते. आता पुतळे नाहीत, खाली पावलांच्या खुणा आणि वर नावं. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि श्री सातकर्णी, कुमार भाय, मग महारठी त्रणकयिर, मग आणखी राजकुमार.

“हा महारठी कोण? हा तर राजा नाही,” सूनबाईनं विचारलं.

अभ्यासक मानतात की तो नागनिकेचा बाप. मी तसं सांगितलं. सातवाहनांच्या घराण्याच्या भिंतीवर, सासरच्यांच्या रांगेत मध्येच, या बाईनं आपलं माहेर उभं केलं होतं. सूनबाई बराच वेळ त्या रिकाम्या जागेपुढं उभी राहिली. मग फोन काढून तिनं फोटो घेतला तो महारठीच्या नावाचा. ओमाला पाठवायला, म्हणाली.

२ जानेवारीला आम्ही सिद्धगडाला गेलो. दर वर्षी या दिवशी तिथं माणसं जमतात. मशाली, घोषणा, शाळेची पोरं, दोन हुतात्म्यांना वाहिलेली फुलं. थंडी मी म्हणत होती. हे नातीला एका दगडावर बसवून गोष्ट सांगू लागले, अर्धी मराठीत, अर्धी हातवाऱ्यांत. विजेचे मनोरे पडले, पोलीस आले, रानात दस्ता लपला. नात डोळे मोठे करून ऐकत होती. “आणि तुझ्या पणजीनं त्यांच्यासाठी भाकऱ्या केल्या. बारा भाकऱ्या!”

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

“सात.”

सूनबाई फुलांची पिशवी घेऊन उभी होती. २०१३ मध्ये लग्न करून ती आठ दिवस मुरबाडला राहिली होती. सासूबाईंना तेव्हा दिसत नव्हतं आणि हिला मराठी येत नव्हतं. दुपारभर दोघी ओटीवर बसून असायच्या. सासूबाई बोलायच्या, ही ऐकायची. मला वाटायचं, म्हातारीला सोबत म्हणून बसते.

“काकू, आजीनं मला असं दाखवलं होतं,” ती म्हणाली, आणि एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याची दोन वर केली. “किती वर्षं मला माहीत नव्हतं, सात काय. मग कोलोनला तुम्ही सांगितलं.”

हे खाकरले. “बरं, सात,” म्हणाले.

नातीनं आईचा पदर नव्हे, जाकीट ओढलं. “मग त्या भाकऱ्या त्यांना मिळाल्या?”

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सूनबाईकडं पाहिलं. ती मुलीच्या शेजारी दगडावर बसली, शब्द जुळवायला थोडी थांबली, आणि सासूबाईंच्याच सुरात म्हणाली, “नाही. गाईला दिल्या. चौथ्या दिवशी.”